बुधवार रविवार मटण

दांडिया बाजारात, जिन्याखाली
बारा ताटांची माझी खानावळ.
सगळे शिर्केबेन म्हणतात मला,
बाई म्हणणारे मोजकेच उरले.

तो आला आणि दारातच थबकला.
ट्यूबलाइटला डोकं लागेल इतका उंच,
झांजिबारहून विद्यापीठात शिकायला आलेला.
नाव खमीस. म्हणजे गुरुवार, त्यानंच सांगितलं.
मी म्हटलं, गुरुवारी माझा उपास असतो.
ते त्याला कळलं नाही,
मलाही त्याची इंग्रजी रुपयातली चार आणेच कळत होती.

मग त्यानं परातीकडे बोट केलं:
चपाती.
किटलीकडे: चाय.
लोणच्याच्या बरणीकडे: अचारी.
आमच्याकडेही हेच म्हणतात, म्हणाला,
आणि पाटावर नीट बसून,
ताटाला बोटही न लावता विचारलं:
मटण हलाल आहे?

बारा ताटं गप्प झाली.
कुणीतरी वाटी जरा जोरात ठेवली.

हराम हा शब्द माझ्या तोंडात रोजचा.
गॅसवाला हरामखोर, दूध सांडणारं मांजर हरामखोर.
वडील सांगायचे, हरामाचा पैसा पचत नाही.
पण त्या शब्दाचा सख्खा भाऊ
आमच्या घरी कधी जेवायला बसला नव्हता.

म्हटलं, उद्या सांगते. आज वरण खा.

मटण पाणीगेटच्या याकूबभाईचं.
त्याच्या बापाकडून माझे सासरे आणायचे.
वजन विचारलं, भाव विचारला, चरबी कमी घाल म्हटलं,
हे तेवढं कधी विचारलं नव्हतं.
याकूबभाई सुरी पुसायचा थांबला:
तीस वरस थयां, बेन, ने आजे पूछो छो?

परतताना रिक्षात पिशवी मांडीवर धरून
एकदम माहेर आठवलं.
देवीचं बकरं दारात बांधलेलं,
आणि मुलाणी आल्याशिवाय कुणी सुरीला हात लावत नसे.
तो ओठांत काहीतरी पुटपुटे,
काम आटपे, आपला वाटा फडक्यात बांधून निघे.
काय म्हणतो गं तो? आम्ही पोरी विचारायचो.
त्याचं त्याला ठाऊक, आई म्हणायची,
सरका, नैवेद्याला उशीर होतोय.

देवीनं तेच खाल्लं. आम्हीही तेच.

हे सोपं होतं.
अवघड रविवार दिवाळीनंतर आला.
याकूबभाईच्या मुलीचं लग्न, दुकानाला कुलूप.
पुतण्यानं मॉलमधून कोंबडी आणली,
दगडासारखी गोठलेली, कुठल्या गावची कोण जाणे.
रस्सा झाला. तर्री चढली, नेहमीचीच, लाल.
कोण ओळखणार होतं?
खमीसनं बाही सारून ताट पुढे ओढलं.
विचारणं त्यानं कधीच सोडलं होतं.
सोडलं होतं म्हणूनच
माझा डाव पातेल्यावर अधांतरी राहिला.

तुला आज अंडी, मी म्हटलं.
का?
ही कुठली आहे, मला ठाऊक नाही.

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं.
मग तीन अंडी खाल्ली,
आणि वर दोन चपात्या मागून घेतल्या.

आता पुतण्या म्हणतो, काकू, पाटीवर लिहू या,
बाहेरच्या देशांतली पोरं फोनवर शोधतात, गिऱ्हाईक वाढेल.
दुसऱ्या दिवशी तोच म्हणतो, नको,
दिवस बरे नाहीत, आहेत ती ताटंही उठतील.
पेंटर शिडीवर चढलाय,
ब्रशचा रंग माझ्या पायरीवर ठिबकतोय:
शुं लखुं, बेन?

होतं तेच लिही.
शिर्के खानावळ. बुधवार रविवार मटण.

ज्याला विचारायचं असेल तो आत येऊन विचारेल.
रविवारी फक्त एकच्या आत यावं,
नंतर रस्सा उरत नाही.