दोन टकटकी

वारेनाच्या संस्कृती भवनात आज सगळ्या खुर्च्या रिकाम्या.
बाहेर उणे अठरा.
आउद्रोनेबाई कॅमेऱ्यापुढे एकट्याच बोलतायत
मधमाश्यांच्या हिवाळ्याबद्दल,
आणि मी पडद्याआड, गार झालेला चहा, दोन लॅपटॉप,
सगळी बटणं माझ्या हाती.

एकशे त्रेचाळीस जण ऐकतायत म्हणे.
म्हणजे एकशे त्रेचाळीस काळे चौकोन, खाली नावं:
कुणी झिग्मस, कुणी 'नातवाचा टॅब',
कुणी नुसतंच 'सॅमसंग'.

बाई विनोद करतात.
तो सभागृहात पडतो, घरंगळत शेवटच्या रांगेपर्यंत जातो,
कुणी उचलत नाही.
मी खालच्या कोपऱ्यात बघत बसतो, हसरा चेहरा येतोय का.
एक येतो. तरंगत वर जातो, विरतो.
बहुधा चुकून दाबला गेला असावा.

'विचार काहीतरी,' बाई डोळ्यांनीच सांगतात.
मी प्रश्न सोडतो:
तुमच्या किती पेट्या अजून जिवंत आहेत?
सगळ्या. निम्म्याहून जास्त. निम्म्याहून कमी. एकही नाही.
वेळ साठ सेकंद.

दहा सेकंद काहीच हलत नाही.
मग एक निळी पट्टी सरकते, अडते,
पुन्हा सरकते.
शेवटच्या पर्यायापुढे अकरा जण.
अकरा कोण, ते मला दिसत नाही.
मीच तशी सोय केली होती,
नाव नसलं की माणूस खरं सांगतो म्हणून.

आमच्या भाषेत जनावराच्या मरण्याला एक शब्द,
माणसाच्या जाण्याला दुसरा.
मधमाशीला हा दुसराच लावायचा.
घोडा मरतो. मधमाशी निवर्तते.
बाई त्या अकराकडे बघून थांबल्या,
आणि चष्मा उगाचच पुसला.

हात वर करायचंही बटण असतं, पिवळा तळवा.
एक तळवा पहिल्या मिनिटापासून वर आहे:
ब्रोने, मार्त्सिन्कोनिस.
दोनदा लिहिलं, ब्रोनेबाई, प्रश्न इथे टाइप करा.
उत्तर नाही.
तो हात खाली करायचं बटणही माझ्याचकडे.
साठ किलोमीटरवरून कुणाचा वर केलेला हात
एका बोटाने खाली करता येतो.
मी बोट ठेवलं त्यावर,
आणि मग शेजारचं दाबलं, माइकचं.

आधी धाप.
मग दाराची कडी, बर्फात बुटांची करकर,
लांबून एक कुत्रं.
बाई घड्याळाकडे बघतायत, मी घामाघूम,
हे थेट प्रक्षेपण आहे हो, काहीतरी बोला.

टक टक.

लाकडावर बोटाची दोन पेरं.
आणि आतून उठली ती गुणगुण,
जाड, उबदार, चिडलेली,
उठली आणि लगेच बसली.

आउद्रोनेबाईंनी मान तिरकी केली.
'लगेच बसली ना? मग राणी आहे.
राणी नसती तर कण्हत राहिल्या असत्या, किती तरी वेळ.'
'तेच विचारायचं होतं,' ब्रोनेबाई म्हणाल्या.
'झिग्मसना ऐकू यायचं. मला कळत नाही.'
मग पिवळा हात खाली गेला.
तो मी नाही केला.

झिग्मस. मी यादी वर सरकवली.
ती त्यांचीच चौकट होती की दुसऱ्या कुणाची,
विचारायला बटण नव्हतं.

त्यानंतर गप्पांच्या रकान्यात एकामागून एक:
थांबा, आलोच.
आलोच.
बॅटरी कुठाय.
आलोच, बूट घालतोय.

सकाळी अहवाल आला.
सहभागाचा आलेख चार वाजून बावीस मिनिटांनी
सरळ खड्ड्यात, आणि सहा मिनिटं तिथेच.
शेरा लाल अक्षरांत: प्रेक्षकांनी लक्ष काढून घेतले.
संचालकांनी कारण विचारलंय.
मी लिहिलं, 'बाहेर गेले होते', आणि खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.