चिरलेला भोपळा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
दस्तगीरचाचांनी एक भोपळा बाजूला टाकला :
"पोटाला चीर आहे. सतारीला चालायचा नाही."
तो मी मागून घेतला. फुकट.

सत्याहत्तर साल. आमचा ऑर्केस्ट्रा,
मी कोंगोवर, रात्रीचे पंधरा रुपये.
बोटीवरून परतलेल्या इलाहीनं आणलेली
एक कॅसेट, कव्हर नसलेली.
गिटार विजेवर तापलेली, आणि तिच्याखाली
माझेच कोंगो. म्हणजे माझे नव्हेत,
साखळदंडातल्या माणसांचे.
ढोल नेऊ दिले नव्हते त्यांना,
ठेका तळहातात लपवून नेला समुद्रापार.
गिटार मालकांच्या गलबतातून आली.
दोघांचा संसार उसाच्या कुठल्याशा बेटावर...
ऊस म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो.

आणि मधेच काहीतरी खरखरत होतं,
दाराबाहेर कुणी घसा खाकरावा तसं.
"भोपळा आहे तो," इलाही म्हणाला, "खाचा पाडलेला."

चाचांच्याच कानशीनं मी खाचा पाडल्या,
वरून सायकलचा स्पोक ओढला.
"हे काय वाद्य झालं?" चाचा म्हणाले.
दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा रंधा
तीन आणि दोन, तीन आणि दोन, असा चालला होता.

परवा माधवनगरला एका वरातीत
बँजो पार्टीच्या कडेला
पत्र्याचा डबा घासणारं एक पोरगं :
तीन आणि दोन.
"कुणी शिकवलं रे?"
"शिकवायचंय काय त्यात," ते म्हणालं,
"आपल्यात असंच वाजवत्यात की."

मी काही बोललो नाही.
नवरा घोड्यावर पेंगत होता.