नवतपा

धंतोलीतल्या अरुंद केबिनमध्ये डॉक्टरांनी
माझ्याच मेंदूचा फोटो उजेडावर धरला
आणि पेनाच्या टोकानं दाखवले
पांढरे ठिपके.
आईच्या मोरपंखी लुगड्यावर एकदा ब्लीच उडालं होतं.
तिनं ते नेसणं काही सोडलं नाही.

नाव लांबलचक होतं. घरी येईस्तोवर
दोनच अक्षरं उरली: एमएस.
सासूबाई म्हणाल्या, "गॅस एजन्सीसारखं वाटते."

त्याच मे महिन्यात, बर्डीवर, भर दुपारी
पाय माझे राहिले नाहीत.
बसले एका दुकानाच्या पायरीवर तशीच,
पिशवीतली तोंडली घरंगळत नालीपर्यंत गेली.
एक बाई दुसरीला म्हणाली,
"दिवसाढवळ्याच घेतली का वं इनं?"
मी हसले. जीभ जड होती,
म्हणजे हसणंही तसंच दिसलं असणार.

सेहेचाळीस अंश.
इतरांना ऊन लागतं.
मला ऊन पुसतं:
आधी डाव्या डोळ्याची कड, मग बोटांची टोकं,
मग शब्द. चाळणी मागायची तर
"ते... भोकांचं, ते द्या न."
रात्री गारवा आला की सगळं परत लिहून देतं,
एखादं अक्षर गाळून.

घरचे चांगलेच आहेत.
सुधन्वा पाय चेपून देतो,
विचारतो, "आज बरं आहे ना?"
आणि उत्तर आधीच
स्वतःच्या चेहऱ्यावर मांडून ठेवतो.
मी ते उचलते. "हो, बरं आहे."

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी
वाचनालयाच्या सायकल स्टँडमध्ये आम्ही जमतो, नऊजण.
सभागृह वर आहे. लिफ्ट नाही.
इथं कोणी बरं आहे का विचारत नाही.
विचारतात, "या महिन्यात काय गेलं?"

नंदनवार काका बँकेत कॅशियर होते,
स्वतःच्याच सहीशी सही जुळेना तेव्हा कळलं.
तोषवी बावीसची. काठीला स्टिकर लावते,
आणि कोणी "अरेरे" म्हटलं
की तीच काठी त्याच्या पायावर टेकवते, चुकून.
गजभिये सर बुद्धिबळ शिकवतात.
घोडा हातून निसटून फरशीवर पडला
तर वाकून बघतात,
"अडीच घरंच गेला बापा, नियमातच आहे."

मोमीनपुऱ्याच्या रेहाना आपा पहिल्या दिवशी
काहीच बोलल्या नाहीत. टेप काढली,
माझी छाती, पाठ मोजली.
पुढच्या खेपेला मांजरपाटाचं जाकीट, आठ खिशांचं.
"बरफ भर इसमें, और जा बजार."
बटणं नाहीत, नाड्या आहेत.
बटणांचं त्यांना ठाऊक आहे.
एका खिशाची शिलाई तिरपी गेलीय.
मी विचारलं नाही.

आता मी भाजीला जाते, पाठीवरून पाणी ठिबकत.
लोक बघतात. बघू देत.
तोंडली महाग झालीत.

काल रात्री दीड वाजता अनोळखी नंबर.
काटोल रोडवरची कोणी, सहा दिवसांपूर्वी नाव कळलेलं.
"ताई, मले चार वर्षांची पोरगी आहे,"
एवढंच म्हणाली, आणि थांबली.
माझ्याकडे वाक्यं होती, नऊजणांनी दिलेली,
घासून लख्ख केलेली.
एकही तोंडाशी येईना.
हे उन्हाचं नव्हतं.

बराच वेळ दोघींचे कूलर बोलत राहिले.
तिचा घरघरत, माझा कोरडा, खडखडत.
मग तीच म्हणाली,
"तुमच्या कूलरमंधी पाणी नाही वाटते."
"हो न. उठायचं आहे."
"मग उठा ताई. मी आहे फोनवर."

भिंत, दाराची चौकट, फ्रीज, पुन्हा भिंत.
मोरीच्या कट्ट्यावर स्पीकर लावून फोन ठेवला.
बादली अर्धीच भरली, अर्धीच झेपते.
नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवला.
ऐकत होती ती.