फक्त तेवढाच शब्द

सोसायटीची सभासद यादी, खानापूर.
साहेब म्हणाले, ‘मयत’ तेवढं लाल कर,
नाव काळंच राहू दे.

एकदम रंगवायला गेलं
की अख्खा चौकोन पेटतो,
माणूस, गाव, शेअरची रक्कम, सगळंच.

म्हणून एफ-टू दाबून
एकेका चौकोनात शिरायचं,
चप्पल बाहेर काढल्यासारखं,
आणि त्या तीन अक्षरांवरून
कर्सर ओढायचा.

भरमाण्णा कुंडेकर, नंदगड, मयत. लाल.
शिवक्का हलगेकर, गर्लगुंजी, मयत. लाल.
निंगाप्पा तोराळकर, जांबोटी, मयत.

हा तर आज सकाळी स्टँडवर
काजूच्या पोत्यावर बसून
कंडक्टरशी कन्नडात भांडत होता,
सुटे पैसे मराठीत मोजत.

साहेब जेवायला गेलेत.
मी ‘निंगाप्पा’ तेवढं ठळक केलं.
शेवटचा शब्द
अजून काळाच आहे.