उंबरठ्यापुरतं घर

डॅन्यूबच्या काठी, रुसे शहरात,
ज्या हिवाळ्यात वीज दोन तास यायची, दोन तास जायची,
वेनेताबाईंचा फोन आला:
"ये बाबा. हे खिडकीत बसून खिडकी मागतंय."

मला काही कळेना. गेलो.
मालवाहू बार्जांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय,
सगळ्यांचे कोट अंगावरच, हीटरवर कुणाचे तरी ओले मोजे,
आणि टेबलावर व्हिएन्नाहून आलेला कोरा कॉम्प्युटर.
पडद्यावर करड्या चौकटी, एक बाण.
माऊसला थंडी वाजेल अशा बेतानं
त्यांनी तो रुमालाखाली झाकला होता.

त्यांनी चित्रावर दोनदा टिकटिक केलं.
पडदा काळा. एकच ओळ:
या प्रोग्रॅमला विंडोज लागतं.
मग पुन्हा त्याच चौकटी, काही घडलंच नाही अशा.
"विंडोजमध्येच तर आहे मेला!
गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पाणी मागणाऱ्याला
काय द्यायचं, सांग."

मी फाईल उघडली. आकडेच आकडे.
अशा प्रोग्रॅमला पुढं एक जुनी, छोटी खोली असते,
काळ्या पडद्यावरून कुणी चुकून आलंच
तर तेवढं एक वाक्य ऐकवून परत पाठवायला.
खरं घर मागं. रंग, बटणं, बार्जांचे तक्ते.
व्हायरस आला तो जुन्याच वाटेनं.
दारावरची पाटी वाचली. तिच्यावर लांबी लिहिलेली,
पण फक्त त्या खोलीची.
घर इथं संपलं, असं धरून
त्यानं तिथंच पथारी पसरली,
थेट मागच्या स्वयंपाकघराच्या छातीवर.

द्वाड नव्हता.
उंबरठ्यालाच घर समजला.

आणि मग ती जागा दिसली,
एका सूचनेत भागतं तिथं उगाच दोन.
अशी खोड मला माहीत असलेल्या एकाच माणसाला होती.

शाळेच्या तळघरात प्रावेत्स मशीन, हिरवी अक्षरं,
सहा पोरं, खुर्ची एक.
आम्हाला ती शीळ वाटायची,
गल्लीच्या टोकाला घालायची, आणि ऐकत राहायचं
लांबून कुणी उलट घालतंय का.
माऊस मी तोवर पाहिला नव्हता.
जगाला एकच दार असतं अशी माझी खात्री.

मूळच्या सात फ्लॉपी होत्या. चौथीला वीज गेली.
अंधारात वेनेताबाईंनी बरणी उघडली,
पावाला ल्यूतेनित्सा लावून माझ्या हातात दिला,
तीन आठवडे रात्री जागून हातानं उतरवलेल्या
कोळशाच्या नोंदींबद्दल काहीच बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या
गुडघ्याबद्दल बोलल्या.
मग सहज, तोंडात घास असताना:
"कोण असेल रे तो?"

"पोरगा असेल," मी म्हणालो.
"त्यानं आतलं घर कधी पाहिलंच नसेल."

"अस्सं."

वीज आली. उरलेल्या तीन फ्लॉपी गेल्या.
तक्ते उघडले, निळे, पिवळे.
त्यांनी रुमाल काढला, घडी केली,
आणि माऊस माझ्या हाताखाली सरकवला.
"मग दाखव त्याला," म्हणाल्या.

पडद्यावरचा बाण
बराच वेळ थरथरत होता.