जूनचे दर

रुवीतल्या त्या हॉटेलाच्या खोल्या
मला छताकडून माहीत आहेत.
शिडीवर उभा राहून जाळ्या धुताना
खाली माणसं पाहिलीत मी:
सुरतेचा कापडवाला, मोज्यांसकट झोपलेला,
केरळची एक नर्स, बंद बॅगेवर बसून
फोनची वाट बघणारी.
पलंगावर मात्र कधी टेकलो नाही.
आमच्या कामात तसा रिवाज नाही.

आता टेकायचं म्हणतो. नऊ रात्री.

दोनशे चार नको, तिथला एसी ठिबकतो,
मीच दोनदा चिंधी बांधून आलोय.
एकशे अकरा स्वस्त, पण खिडकी उघडली
की शेजारची भिंत, हाताला लागेल इतकी.
तीनशे सात बरी.
कॉम्प्रेसर मार्चमध्ये मीच बसवलाय, नवा,
आणि मान जरा वाकडी केली तर
खिडकीतून डोंगर दिसतो.
उघडा, तपकिरी, औषधालाही झाड नाही.
आपल्या जगबुडीकाठच्या माणसाला
तो डोंगर वाटायचा नाही.
पण आहे.

मॅनेजर कोयाभाई म्हणाले, बारा रियाल.
मी म्हटलं, नऊ रात्री आहेत, माणूस घरचा आहे.
हसले. जून आहे म्हणून साडेदहा,
नाश्ता धरू नकोस, टॉवेल दोनच,
आणि येताना निकाहनामा आण,
मी नाही रे विचारत, पोलिस विचारतात.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
कुणी तो कागद मागितला.
लोखंडी कपाटात बघ, हिरव्या साडीखाली.
मीच ठेवला होता, निघायच्या आदल्या रात्री.

साडेदहा नवे चौऱ्याण्णव, वर पाचशे बैसा.
पगार एकशे साठ.
उरलेल्यात विमानतळाची टॅक्सी,
मत्राहच्या बाजारातली एक संध्याकाळ,
तुझ्या आईच्या गुडघ्यांना बाम.
फिल्टरच्या पुठ्ठ्यावर मांडला हिशेब,
सहाजणांच्या खोलीत, वरच्या खाटेवर,
मोबाईलच्या उजेडात.
खालून गोरखपूरचा हरिनाथ म्हणाला,
एवढ्यात गावाकडे दोन बकऱ्या येतील.
मी म्हटलं, बकरी विमानात बसत नाही.

मग तुला सांगितलं सगळं. तू गप्प.
बऱ्याच वेळानं: चूल आहे का तिथं?
हॉटेल आहे ते, नफिसा.
मग मी दिवसभर करू काय?

हे मी धरलंच नव्हतं.
जूनमध्ये दर उतरतात, कारण जूनमध्ये
इथं कुणी फिरकत नाही,
आणि त्याच उन्हापायी माझा फोन
पहाटे पाचपासून वाजतो,
अख्ख्या शहराला एकदम गार व्हायचं असतं.
म्हणजे तू तीनशे सातमध्ये, आतून कडी लावून,
आणि मी बौशरच्या कुठल्याशा गच्चीवर,
पान्हा हातात धरवत नाही इतका तापलेला.
सातला येईन. आठही वाजतील.

तर मग असं कर, म्हणालीस,
पहिल्याच दिवशी मला तुझी ती खाट दाखव.
एवढी वर्षं जिच्यावरून बोलतोस ना, ती.
कॅम्पात बायकांना सोडत नाहीत गं.
मग उशी तरी घेऊन ये हॉटेलात.
इतकं साधं म्हणालीस, जणू
येताना कोथिंबीर आण.

उद्या कोयाभाईंना वीस रियाल द्यायचेत, आगाऊ.
विजेची शेगडी चालेल का, विचारीन.
ते नाही म्हणतील.
तू सांदणाचा रवा आणणारच आहेस,
आणि सुकट, तीन पिशव्यांत गुंडाळून,
तरीही तिसऱ्या मजल्याला कळेल
की खेडची बाई उतरली आहे.
तीनशे सातच्या न्हाणीतला वारा ओढणारा पंखा
अजून तपासलेला नाही मी.
शुक्रवारी शिडी घेऊन जातो.

उशी आज उन्हात टाकली आहे.