अकरा महिन्यांचा करार

दार उघडलं की आधी वास भेटतो,
मग आम्ही.
आंबूस म्हणावा तर तसा नाही, कुजकाही नाही.
नाकातून वर कपाळाकडे
कुणी खिळा ठोकत नेतंय, असा.

जवळा त्याचं नाव.
बाजारातून पिशवीमागे आला
आणि पिशवी रिकामी झाल्यावरही गेला नाही.
कन्नमवार नगरात आठ वर्षं
मातीच्या टबाबाहेर एक थेंब नाही.
इमारत पाडायला घेतली, आम्ही भांडुपला भाड्याने आलो
आणि आठवड्याच्या आत त्याने
चपलांच्या मांडणीवर सही केली.
पाठ भिंतीला, शेपटी उभी, टोक थरथरतंय,
चेहरा मात्र असा,
जणू पोस्टात रांगेत उभा आहे.

मग पडदा. मग कपाटाचा पाय.
मग श्रीरंगभावोजींची ऑफिसची बॅग.
एका रात्रीसाठी आले होते.
त्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी, मीटिंगमध्ये,
एसी सुरू झाल्यावर.

मी फिनेल ओतलं.
डॉक्टर मिस्किटा माझ्यावर अशा ओरडल्या
की टेबलावरचा जवळासुद्धा दबला.
"त्याला विष आहे ते. आणि परका वास आला
की त्यावर तो आपला चढवणार.
नसबंदी झालीय?" झालीय.
"लघवी तपासली, ठीक आहे. खिडकीत कोण येतं?"

येतो एक. पिवळा, कानाचा तुकडा गेलेला,
समोरच्या एसीच्या पत्र्यावर
मालकासारखा बसतो.

व्हिनेगर झालं. खायचा सोडा झाला.
सहाशे चाळीस रुपयांची एन्झाइमची बाटली आणली,
तिच्यावर हसणारा कुत्रा.
खरे मालक कोटियन भाडं न्यायला आले,
उंबऱ्यातच थांबले, नाक वर केलं.
"रंगाचा वास," मी म्हणाले.
रंग त्यांनीच काढला होता, मार्चमध्ये.

निरंजनने लोहार चाळीतून
जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली.
रात्री सगळे दिवे घालवले
आणि घर दिसलं.
दाराशी, खिडकीखाली, कोपऱ्याकोपऱ्यात
पिवळट ओघळ,
कुणी उभ्या रेघांची वही लिहून ठेवल्यासारखे.
मी खडूने एकेकाला गोल करत गेले.

एक डाग मात्र त्याचा नव्हता.
पलंगामागे, हातभर वर,
एका डोक्याएवढा फिकट गोल.
नव्या रंगातूनही वर आलेला.
इथे टेकून कुणी तरी रोज
फोनवर बोललं असेल, किंवा नुसतंच बसलं असेल,
केसांना तेल लावून.
त्यांचाही करार अकरा महिन्यांचाच असणार.
निरंजनने टॉर्च तिथून हलवली नाही, बराच वेळ.
मी तिथे खडू लावला नाही.

मिस्किटांनी शेवटी सांगितलं ते असं:
स्वच्छ सुती मोजा घ्या, त्याच्या गालावरून फिरवा,
हळू, त्याला आवडेल तेवढाच.
मग जिथे जिथे केलंय, ते आधी नीट धुवून,
त्याच्याच उंचीवर तो मोजा घासा.
भिंतीला त्याची ओळख होते.
का त्याला भिंतीची, ते मी विचारलं नाही.
आणि खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवा.

तर मी, वय एकोणपन्नास, गुडघ्यात पाणी,
उकिडवी बसून भाड्याच्या भिंतींना
निरंजनचा जुना मोजा पुसत फिरतेय.
जवळा मागून येतो, तपासतो,
एखाद्या ठिकाणी स्वतः गाल घासून
माझं काम दुरुस्त करतो.

काल निरंजन कामावरून आला.
बूट काढताना चौकटीला हात टेकला,
तिथेच, जिथे रोज टेकतो.
पांढऱ्या रंगावर तिथे
हलकासा मळ धरलाय, पंजाएवढा.
फडकं माझ्या हातातच होतं.
मी ते खिडकीकडे घेऊन गेले.

आज तिसरा दिवस. चपला कोरड्या आहेत.
पिवळा अजून येतो.
कागदावर त्याची सावली बसते,
आणि आम्ही तिघंही
तिच्याकडे बघतो.